बाल्टिमोरचे दोन भाऊ

वाचकहो, तुमच्या ओळखीतही असं एखादं घर असेल. तिथलं मूल बोलत नाही किंवा फार कमी बोलतं, आणि मध्येच भिंतीवर डोकं आपटतं, नाहीतर रक्त येईपर्यंत स्वतःच्या हाताला चावतं. अशा घरातल्या आईला सल्ला द्यायला सगळे पुढे. 'तू दिवसभर कामावर, म्हणून होतं', 'फार लाडावलंयस', आणि फोनवरून, 'एकदा दृष्ट काढून बघ.' हे फक्त आपल्याच लोकांत चालतं असं मात्र समजू नका. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतले नामवंत तज्ज्ञही भारदस्त शब्दांत आईकडेच बोट दाखवत होते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढे त्यांनीच या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाबद्दल लिहिलं, आणि त्यातून 'फ्रिजसारखी थंड आई' ही कल्पना रूढ झाली. १९६७ साली शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं आणि ही कल्पना घरोघरी पोचली. मूल स्वतःला इजा करतं, तेही आईवरच्या रागातून किंवा अपराधीपणातून, असं मानणारे मनोविश्लेषक तेव्हा कमी नव्हते.

याच काळात, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, वेगळंच काही घडलं. बालरोगतज्ज्ञ विल्यम नायहान यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या लघवीत युरिक ॲसिडचे खडे होते. त्याचे स्नायू ताब्यात नव्हते, आणि तो आपले ओठ व बोटं चावून जखमी करत होता. त्याच्या आठ वर्षांच्या भावालाही तोच त्रास होता. नायहान आणि त्यांच्या हाताखालचा वैद्यकीय विद्यार्थी मायकेल लेश यांनी १९६४ साली या दोन भावांवर निबंध लिहिला. म्हणून या आजाराला लेश-नायहान सिंड्रोम म्हणतात.

तीन वर्षांनी, म्हणजे बेटलहाइम यांचं पुस्तक आलं त्याच १९६७ साली, जे. एडविन सीगमिलर आणि सहकाऱ्यांना कारण सापडलं. पेशींमध्ये प्युरिन नावाचे पदार्थ पुन्हा वापरात आणणारं एक एन्झाइम असतं. या मुलांत ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे शरीर नव्याने भरमसाट प्युरिन बनवतं आणि युरिक ॲसिड साचतं. त्या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो.

वर्तनाच्या इतिहासात ही घटना मोठी होती. स्वतःला चावण्यासारखी गोष्ट, जिचा अर्थ लोक मनात आणि संगोपनात शोधत होते, तिचा धागा एका एन्झाइमपर्यंत पोचला. शिवाय या मुलांना वेदना कळतात. चावताना ती रडतात. कितीतरी मुलं हात बांधून ठेवा म्हणून स्वतःच विनवतात, आणि बांधले की शांत होतात. याला हट्ट कसं म्हणायचं?

पण जीवशास्त्रानेही चटकन उत्तर दिलं नाही. ॲलोप्युरिनॉल या औषधाने युरिक ॲसिड उतरतं, मूत्रपिंडं वाचतात, पण चावणं थांबत नाही. पुढे मेंदूच्या खोल भागात, हालचाली सांभाळणाऱ्या केंद्रांत, डोपामाइन फार कमी असल्याचं दिसलं. एन्झाइमपासून डोपामाइनपर्यंतची साखळी मात्र आजही पूर्ण जुळलेली नाही.

लेश-नायहान हा फार दुर्मीळ आजार. स्वतःला मारणाऱ्या बहुतेक मुलांना तो नसतो. त्यांच्यात एकच एक कारण सापडत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी १९७७ साली तोवरची मतं एकत्र तपासली. काही मुलांना त्यातून लक्ष मिळतं, काहींची नकोशा कामातून सुटका होते, काहींना शरीराला जाणवणारी ती संवेदनाच हवी असते, तर काहींचं मूळ शारीरिक असतं. शारीरिक कारणं कधी अगदी साधी असतात: कान दुखणं, दात किडणं, बद्धकोष्ठता, जळजळ, अपुरी झोप. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही, ते मूल कानावर बुक्के मारतं.

म्हणून तुमच्या घरात किंवा मित्राच्या घरात असं मूल असेल, तर आधी वही काढा. कधी सुरू झालं, जेवणानंतर की झोपेआधी, शरीराच्या कुठल्या भागावर मारतं, त्याआधी आणि नंतर काय घडलं, सगळं लिहा. मूल अचानक जास्त मारू लागलं, तर कान, दात आणि पोट तपासायला डॉक्टरांना सांगा. 'अशा मुलांचं असंच असतं' हे उत्तर मिळालं, तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा सांगा. परक्या देशात, परक्या भाषेत हे अवघड जातं, तेव्हा ती वहीच तुमच्या वतीने बोलेल.

आणि आईबद्दल. लेश-नायहानचं जनुक बहुधा आईकडून येतं हे ऐकून कुणी म्हणेल, 'म्हणजे शेवटी आईच.' पण जनुक कुणी निवडून देत नाही. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना दोषमुक्त केलं. त्या सभेपर्यंत कितीतरी आया वीस-वीस वर्षं स्वतःला दोष देत जगल्या होत्या. पुढच्या वेळी त्या घरी जाल तेव्हा सल्ला देऊ नका. तासभर मुलापाशी बसा आणि तिला झोपू द्या.