छाती बंद करण्यापूर्वी

हृदय उघडले की सर्जनला सगळे दिसते, असा आपला समज. पण झडप दुरुस्त करताना हृदय थांबवून रिकामे केलेले असते. शिवलेली झडप रक्ताच्या दाबाखाली घट्ट मिटते की गळते, हे हृदय पुन्हा धडधडू लागल्यावरच कळते. तोवर ते शिवून झालेले असते. एके काळी सर्जन बोटाने चाचपून अंदाज बांधत.

या अडचणीवरचा इलाज जहाजांच्या गोदीतून आला. स्वीडनमधल्या लुंडचे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधीच एक गोष्ट जाणून घ्यायची होती : रुग्णाची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, की गळकी? गळकी झडप रुंद केली तर रुग्णाचे हाल वाढणार. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांना ठाऊक होते की माल्मोच्या गोदीत धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधतात. तसलेच यंत्र उसने आणून दोघांनी १९५३ साली धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले.

पण पडद्यावर हलते ते नेमके काय? मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या छातीवर एडलर लहरींची जागा आणि दिशा नोंदवून ठेवत. मृत्यूनंतर त्याच दिशेने टोकदार सळई आत घालून ती कुठे पोचते ते पाहत. वाचताना अंगावर काटा येतो. पण आधी हृदयाच्या कप्प्याची भिंत समजलेली ती हालचाल झडपेच्या पडद्याची आहे, हे त्यातूनच पक्के झाले.

ऑपरेशन टेबलावर हे तंत्र १९७२ च्या सुमारास आले. उघड्या हृदयावरच प्रोब टेकवायचा. पण त्यासाठी सर्जनला हातातले काम थांबवावे लागे. खरी वाट निघाली ती घशातून. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी पाठीमागून खेटून जाते. मध्ये फासळ्या नाहीत की हवेने भरलेले फुप्फुस नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत लिओन फ्रेझिन यांनी त्या वाटेने प्रोब घातला. १९८० नंतर जर्मनीत हॅम्बुर्गच्या पीटर हानराथ आणि सहकाऱ्यांनी लवचीक नळीच्या टोकावर हलते चित्र दाखवणारा प्रोब वापरात आणला.

आता भूल देणारा डॉक्टर रुग्णाच्या डोक्याशी उभा राहून पडदा पाहतो. हृदय सुरू झाल्यावर झडपेतून रक्ताची उलटी धार फार दिसली, तर तो सर्जनला तिथल्या तिथे सांगतो. रुग्णाला पुन्हा हार्ट-लंग मशीनवर घेतात, टाके उसवतात आणि झडप नव्याने दुरुस्त करतात किंवा बदलतात. छाती अजून उघडीच असते.