बैगांचे बेवर व दोन ग्रंथ

भारतीय मानवशास्त्राच्या इतिहासात व्हेरिअर एल्विन व डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मतभेदाला एक ठराविक स्थान प्राप्त झालेले आहे. एल्विन हे आदिवासींना शेष समाजापासून अलिप्त ठेवू पाहणारे, घुर्ये हे त्यांना हिंदू समाजाचाच मागासलेला भाग मानणारे. एक विलगीकरणाचा पुरस्कर्ता, दुसरा सात्मीकरणाचा. आणि स्वतंत्र भारताने पत्करलेला मार्ग या दोहोंच्या मधला, अशी मांडणी पदव्युत्तर वर्गांत शिकविली जाते व उत्तरपत्रिकांत तशीच उतरते. ही मांडणी खोटी नव्हे. परंतु ती संस्कृतीच्या प्रश्नापाशी थांबते, आणि ज्या वस्तूमुळे या वादाला धार आली ती वस्तू तिच्यातून निसटते. ती वस्तू म्हणजे मैकल टेकड्यांतील सालवृक्षांचे अरण्य व त्यात बैगा लोक करीत असलेली फिरती शेती.

या शेतीस बैगा 'बेवर' म्हणतात. टेकडीच्या उतारावरील झाडे कुऱ्हाडीने तोडावयाची, ती उन्हात वाळू द्यावयाची, पावसाळ्यापूर्वी जाळावयाची व त्या राखेत नांगर न लावता बी फेकावयाचे, असा हा क्रम असतो. कोदो, कुटकी यांसारखी भरड धान्ये व कडधान्ये एकाच तुकड्यात मिसळून घेतली जातात. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून द्यावयाचा आणि अरण्य पुन्हा वाढेपर्यंत दुसरीकडे जावयाचे. महाराष्ट्राच्या वाचकास ही पद्धती अगदीच अपरिचित नाही. कुलाबा जिल्ह्यातील कातकरी व ठाकूर यांची 'दळी' आणि दक्षिणेकडील 'कुमरी' ही तिचीच भावंडे होत. बैगांच्या बाबतीत विशेष एवढाच की त्यांच्या कथेत या शेतीला देवाज्ञेचे अधिष्ठान आहे. आद्य पुरुष नंगा बैगा याला भगवानाने सांगितले की, तू धरित्रीचा पुत्र. इतरांप्रमाणे नांगराने आईची छाती फाडू नकोस. झाडे तोड, जाळ व राखेत पेर.

१८६४ साली इंग्रज सरकारने जंगलखाते स्थापन केले. लोहमार्गांना लाकडी स्लीपर लागत होते व त्यांसाठी साल, साग, देवदार ही झाडे राखून ठेवणे सरकारला अगत्याचे वाटू लागले होते. १८६५ च्या व त्याहून कठोर अशा १८७८ च्या कायद्याने विस्तीर्ण वने 'राखीव' झाली. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मध्य हिंदुस्थानातील या कुऱ्हाडीच्या शेतीवर अरण्यनाशाचा ठपका ठेवलेला आढळतो, आणि पुढील अधिकाऱ्यांनी तो बहुधा तसाच गिरविला. बैगांना बैल व नांगर देऊन स्थिर शेतीकडे वळविण्याचे प्रयत्न झाले. अखेर १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात सुमारे २४ हजार एकरांचा 'बैगा चक' आखण्यात आला व बेवर तेवढ्या मर्यादेत चालू ठेवण्यास मुभा मिळाली; चकाबाहेरच्यांना नांगर धरणे किंवा मजुरी करणे भाग पडले. जी शेती फिरल्यावाचून चालत नाही तिला कुंपण घालण्याचा हा प्रकार होता.

या पार्श्वभूमीवर १९३९ साली लंडनहून एल्विन यांचा 'द बैगा' हा ग्रंथ निघाला. एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या सहवासाने काँग्रेसकडे ओढले गेले, आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहू लागले. (हिवाळे यांचे नाव बहुधा एल्विनचरित्राच्या तळटीपेतच येते. वास्तविक १९४६ सालचा त्यांचा परधानांवरील ग्रंथ स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे.) पाचशेहून अधिक पृष्ठांच्या 'द बैगा'मध्ये कथा, गीते, जादूटोणा व कामजीवन यांना पुष्कळ जागा दिलेली आहे व टीकाकारांचे लक्ष मुख्यतः तिकडेच गेले. ग्रंथाचा कणा मात्र बेवरविषयीचा भाग हाच होय. तेथे एल्विन यांनी बेवर बंद करण्याचा सरकारी व्यवहार व बैगांचे आहार, शिकार, धर्म आणि आत्मविश्वास यांचा ऱ्हास ही साखळी कडी-कडीने जोडून दाखविली. जंगलकायदा हे संस्कृतीच्या ऱ्हासाचे कारण म्हणून एखाद्या जमातीच्या वर्णनग्रंथात मध्यवर्ती ठेवले जाणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडांत बैगांवर प्रकरण आहे. परंतु तेथे जमात ही चालीरीतींची यादी म्हणून उभी राहते.

एल्विन यांचा उपाय मात्र त्यांच्या निदानाइतका बळकट नव्हता. बैगांसाठी एक प्रकारचे 'राष्ट्रीय उद्यान' असावे, तेथे त्यांना आपल्या पद्धतीने जगू द्यावे व बाहेरच्यांच्या प्रवेशावर नियंत्रण असावे, अशी सूचना त्यांनी केली. या एका शब्दप्रयोगाने त्यांच्या ग्रंथाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही विरोधकाने केले नसेल. १९३५ च्या कायद्याने 'वर्जित' व 'अंशतः वर्जित' प्रदेश नुकतेच निर्माण झालेले होते; माणसांचे प्राणिसंग्रहालय मांडण्याचा हा साम्राज्यवादी बेत आहे, असा संशय राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकांस येणे स्वाभाविक होते. ठक्कर बाप्पा यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या व १९४१ मध्ये छापलेल्या व्याख्यानातही विलगीकरणाचा विरोध आहे.

त्याच संस्थेने १९४३ मध्ये घुर्ये यांचा, आदिवासी या संज्ञेलाच 'तथाकथित' ठरविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहणारे घुर्ये येथे शिरगणतीचे अहवाल, गॅझेटियर व अधिकाऱ्यांची टिपणे यांच्या साह्याने युक्तिवाद करतात. 'प्राणिपूजक' म्हणून निराळा धर्म दाखविणारी शिरगणतीची वर्गवारी स्वतः शिरगणती-अधिकाऱ्यांनाच कशी पटत नव्हती, हे ते त्यांच्याच शब्दांनी सिद्ध करतात. या भागाचे वाचन आजही आनंददायक आहे. पंडित आपल्या प्रतिपक्षाच्या कपाटातूनच शस्त्रे काढतो, असे तेथे वाटते. या जमाती म्हणजे हिंदू समाजात पुरतेपणी न मिसळलेले वर्ग होत, असा त्यांचा निष्कर्ष. १९५९ मध्ये हाच ग्रंथ 'अनुसूचित जमाती' या अर्थाच्या नव्या नावाने पुन्हा निघाला.

परंतु या ग्रंथातील एक प्रतिपादन बहुधा विसरले जाते. आदिवासींची दुरवस्था हिंदूंच्या संपर्काने झाली, हे मत खोडून काढताना घुर्ये दोष कोठे ठेवतात? तो ब्रिटिश राज्यपद्धतीवर: जमीनमहसूल, खाजगी मालकी, न्यायालये व जंगलकायदे यांवर. या पद्धतीने केवळ डोंगरातील जमातींचेच नव्हे तर सपाटीवरील कुणब्याचेही कंबरडे मोडले, ही त्यांची भूमिका होती. महाराष्ट्राचा पुरावा या बाबतीत त्यांच्या बाजूने आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याने गायराने गिळंकृत केल्याची तक्रार केली, ती कोणा जमातीची नव्हे, सर्व शेतकऱ्यांची म्हणून. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील 'राबा'च्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळण्याच्या हक्कावरून एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला जंगल-आयोग नेमावा लागला. १९३९ सालच्या सिमिंग्टन यांच्या अहवालात ठाणे व पश्चिम खानदेशातील वेठ, लग्नगडी, सावकारी व जंगलाचे ठेकेदार यांचे जे चित्र आहे, त्यात तर संस्कृतीपेक्षा कर्ज व जमीन हीच ठळक दिसतात.

म्हणजे, रोगाच्या निदानाचा मोठा भाग दोघांना समान होता. मग तो वादातून नाहीसा का झाला? याचे उत्तर दोघांच्याही मर्यादांत सापडते. एल्विन यांना जंगलखाते दिसले, परंतु त्यांनी बैगाला अरण्यात एकटा पाहिला. बैगांची जी कथा ते पुरावा म्हणून देतात, तिच्यातच नांगर आहे आणि नांगर धरणारे शेजारीही आहेत. ज्याने कधी नांगर पाहिला नाही त्याला तो न धरण्याची आज्ञा कशाला हवी? बैगा हा आसपासच्या गोंडांच्या गावांचा पुजारी. शिवारातील देवतांना शांत करण्यासाठी त्यालाच बोलावतात. तो या समाजरचनेच्या बाहेर नव्हता, तिच्यात त्याची एक ठरलेली जागा होती, आणि ती जागा त्याला अरण्याशी असलेल्या नात्यामुळे लाभली होती. घुर्ये यांनी संबंधांचे हे जाळे अचूक ओळखले. परंतु सात्मीकरणाचे साधन म्हणून त्यांनी नांगर गृहीत धरला व बेवर ही टाकाऊ, नुकसानकारक पद्धती होय, हे अधिकाऱ्यांचे मत जवळजवळ तपासणीवाचून स्वीकारले. शिरगणती-अधिकाऱ्यांची साक्ष उलटतपासणीने खिळखिळी करणाऱ्या या विद्वानाने वनाधिकाऱ्यांची साक्ष मात्र तशीच घ्यावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर वादाची भूमीच बदलली. एल्विन १९५४ मध्ये भारतीय नागरिक व ईशान्य सीमा प्रदेशाचे आदिवासी-सल्लागार झाले. १९५७ सालच्या 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' या पुस्तकात त्यांनी विलगीकरण व घिसाडघाईचे सात्मीकरण ही दोन्ही टोके सोडली आणि दुसऱ्या आवृत्तीस पंडित नेहरूंची प्रस्तावना मिळाली. मंडला मागे पडला. १९५५ मध्ये त्याच मंडला व बालाघाट जिल्ह्यांच्या भूमीवर कान्हा राष्ट्रीय उद्यान खरोखरीच स्थापन झाले, पण ते माणसांसाठी नव्हे. पुढे तेथून गोंड व बैगांची गावे उठविण्यात आली. एल्विन यांच्या सूचनेतील शब्द तेवढा शिल्लक राहिला.

अरण्याचा प्रश्न या शास्त्रात परतला तो निराळ्या वाटेने. गोखले संस्थेने घुर्ये यांचा ग्रंथ काढला तेव्हा तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील गवळी धनगर, नंदीवाले, फासेपारधी इत्यादी समाजांचा परिस्थितिकीच्या दृष्टीने अभ्यास केला. एकाच माळरानावर वावरणारे समाज निरनिराळे प्राणी निरनिराळ्या साधनांनी पकडतात, हे त्यांनी दाखविले. १९९२ मध्ये गाडगीळ व रामचंद्र गुहा यांचा 'धिस फिशर्ड लँड' हा ग्रंथ आला, आणि १९९९ मध्ये गुहा यांनी एल्विनचे चरित्र लिहिले. महेश रंगराजन यांच्या 'फेन्सिंग द फॉरेस्ट' (१९९६) या ग्रंथाने तर मध्य प्रांतातील वनधोरणाचाच इतिहास तपासून काढला. एल्विनचे बेवरविषयीचे विवेचन आता मानवशास्त्राऐवजी पर्यावरणाच्या इतिहासात वाचले जाऊ लागले.

या पुनर्वाचनालाही विरोध झाला, व तो बराचसा घुर्ये यांच्या दिशेने आला, जरी टीकाकारांना घुर्ये यांचा निष्कर्ष मान्य नव्हता. सुमित गुहा यांनी 'एन्व्हायरनमेंट अँड एथ्निसिटी इन इंडिया' (१९९९) मध्ये पश्चिम भारतातील भिल्ल, कोळी इत्यादी अरण्यवासी शतकानुशतके राज्यसत्ता, व्यापार व लढाया यांच्या घडामोडीत गुंतलेले होते, हे कागदपत्रांनिशी मांडले. अरण्य हे अस्पर्शित निसर्गाचे आगर नसून सत्तेचे क्षेत्र होते. अर्चना प्रसाद यांनी २००३ मध्ये एल्विन यांच्या परिस्थितिकीय भावुकतेवर ग्रंथच लिहिला. ही टीका न्याय्य आहे. तथापि तिच्या भरात जंगलखात्याविषयीचे एल्विनचे मूळ निरीक्षण बाद करणे हे न्याय्य नाही. बैगा प्राचीन काळापासून अलिप्त नव्हते, एवढ्याने १८९० च्या चकाची सीमारेषा सौम्य होत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिम म्हणून गणलेल्या जमातींच्या 'अधिवासा'वरील सामूहिक हक्काची तरतूद आहे. १९९८ मध्ये मंडल्यातून वेगळ्या झालेल्या डिंडोरी जिल्ह्यात, बैगा चकातील काही गावांना २०१५ च्या सुमारास असा हक्क मान्य करण्यात आला. वरवर पाहता एल्विन यांच्या १९३९ च्या सूचनेशी तिचे साम्य आहे: एक प्रदेश, एक समाज, त्या समाजाच्या जीवनपद्धतीस संरक्षण. फरक अधिकाराच्या जागेत आहे. एल्विन यांच्या योजनेत प्रदेशाची राखण वरून नेमलेल्या अधिकाऱ्याने करावयाची होती. या कायद्यात हक्काचा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, आणि कोणते अरण्य कोणाचे, हे प्रथम तिने सांगावयाचे असते.