चिकित्सेचा तिसरा पाद आणि पुण्याचें सेवासदन

रुग्णालयांचे इतिहास लिहितांना देणगीदार, इमारत व शस्त्रवैद्य या तिघांची नोंद बहुधा होते. रोग्याच्या उशाशीं रात्र काढणारीची नोंद क्वचित् होते. आणि तिला तें काम कोणीं, कोठें व कोणत्या योजनेनें शिकविलें हें तर सहसा कोणी विचारीतच नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्याच प्रश्नाचा थोडा मागोवा घेतला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत नवव्या अध्यायीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, हा तिसरा पाद. त्याचे गुण चार : उपचारांचें ज्ञान, दक्षता, भर्त्याविषयीं अनुराग आणि शौच. येथें रोग्यास ‘भर्ता’ म्हटलें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. म्हणजे शुश्रूषा करणारा हा चाकर व रोगी हा धनी, असा संबंध गृहीत धरलेला आहे. वैद्यानें गुरु कसा निवडावा, शास्त्र कसें अभ्यासावें याचा विधि त्याच संहितेच्या विमानस्थानांत विस्तारानें दिला आहे. उपस्थात्यासाठीं तसा विधि नाहीं. गुण सांगितले, ते अंगीं आणण्याची शाळा सांगितली नाहीं.

‘सेवा’ या शब्दाचीही हीच अडचण आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार सांगतांना सेवेस श्वानाची वृत्ति म्हणून वर्ज्य ठरविलें आहे. हें वचन शिकवितांना वर्गांतील मुलें हसत, आणि नंतर त्यांतील बहुतेक सरकारी नोकरींत जात! याच्या उलट टोंक पाहावयाचें तर आळंदीकडे यावें लागतें. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत ‘आचार्योपासना’ या गीतेंतील एका पदाचा केवढा तरी विस्तार केला आहे. तेथील शिष्य गुरूचा द्वारपाल, छत्रधर, स्वयंपाकी, सर्व कांहीं होऊं इच्छितो. नीच मानिलेलें काम तेथें परमार्थाचें साधन झालें. परंतु ती सेवा गुरूची. परक्या घरच्या, परजातीच्या रोग्याचें मलमूत्र काढणें हें पुण्यकर्म होय, असा अर्थ त्यावरून पांढरपेशा गृहस्थांनीं काढला नाहीं. आणि ज्या कुटुंबांत विधवा सुनेस वाड्याच्या एका खोलींत आयुष्य कंठावें लागे तेथें तर तो निघणें शक्यच नव्हतें.

पुण्याचें ससून रुग्णालय 1867 साली सुरू झालें. त्या काळीं आपल्या प्रांतांत शुश्रूषेचें काम मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती स्त्रियांच्या हातीं असे. हिंदु घरांतील स्त्री तेथें जाऊं इच्छीत नव्हती. पुढें प्लेग आला. सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र यशवंत याच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली व 10 मार्च 1897 रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. यापरतें धैर्य तें कोणतें? पण धैर्य एका व्यक्तीबरोबर जातें. त्याची परंपरा चालावी यासाठीं राहण्यास जागा, शिकविणारे, परीक्षा आणि शेवटीं वेतन, इतकें सर्व लागतें.

ही जुळणी पुण्यांत केली ती रमाबाई रानडे यांनीं. त्यांचा जन्म 1862 चा. अकराव्या वर्षीं विवाह झाला तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पति न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांस शिकविलें आणि घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं त्याबद्दल छळिलें, हें त्यांच्या आठवणींवरून सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ति 1901 साली वारले. 1908 साली मुंबईस बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं सेवासदन काढलें त्याचें नेतृत्व रमाबाईंकडे आलें, आणि 1909 साली पुण्याची शाखा निघाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे तिचे चालक. पुण्याची संस्था 1915 साली स्वतंत्रपणें नोंदली गेली.

या संस्थेच्या कार्यांतील क्रम आम्हांस विशेष मननीय वाटतो. तिनें आरंभींच परिचारिकांची शाळा उघडली असती तर एकही मुलगी आली नसती. प्रथम लेखनवाचन, शिवण असे कोणाच्याही डोळ्यांत न खुपणारे वर्ग निघाले. लोकांचा विश्वास बसल्यावर ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यासाठीं स्त्रिया पाठविण्यांत आल्या. रुग्णालयांत जे शिकावयाचें तें रुग्णालयच शिकवी. त्यासाठीं सेवासदनानें दुसरें रुग्णालय बांधलें नाहीं. संस्थेनें बांधलें तें वसतिगृह. शिकाऊ परिचारिकांसाठीं एक व वैद्यकीच्या विद्यार्थिनींसाठीं वेगळें, अशीं तीं होतीं. आमच्या मतें सर्व योजनेची किल्ली येथें आहे. रात्रपाळी करून परतणाऱ्या तरुण विधवेला समाजांत उभें राहण्यास जागा नव्हती. माहेर नाहीं, सासर नाहीं. रानड्यांच्या घरची बाई जिची पालक आहे, त्या घरीं ती परतते, एवढें सांगतां आलें कीं निंदकांचें निम्में तोंड बंद होई. अभ्यासक्रमाचे कागद कितीही उत्तम केले असते तरी हें काम त्यांनीं झालें नसतें.

संस्थेचें नांवही विचारपूर्वक ठेविलेलें दिसतें. मनूनें हीन ठरविलेला शब्दच दारावर लाविला. यांत एक धोकाही होता, तो आम्ही झांकून ठेवणार नाहीं. सेवा म्हटली कीं पगाराची गोष्ट काढणें अप्रशस्त वाटूं लागतें. पुढें 1946 साली भोर समितीनें परिचारिकांच्या कामाच्या व राहण्याच्या स्थितीविषयीं जें लिहिलें तें वाचतां हा धोका खरा ठरला असेंच म्हणावें लागतें. अखंड हिंदुस्थानांत त्या वेळीं सुमारें 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 लोकांमागें एक, असें त्या समितीचें गणित होतें. रमाबाई 1924 साली वारल्या तेव्हां पुण्याच्या सेवासदनांत निरनिराळ्या शाखांत मिळून हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. समितीचा आंकडा पाहतां हें काम किती एकाकी होतें तें ध्यानीं येईल.

विद्यापीठांनीं या विद्येस जवळ केलें तें बरेंच उशिरा. दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम 1946 साली सुरू झाला. मुंबईंत याच्या जोडीची दुसरी वाट निघाली होती. सर दोराबजी टाटा न्यासानें 1936 साली समाजकार्याची शाळा काढली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे असून नागपाड्याच्या वस्तींतील त्यांच्या सेवाकेंद्राच्या अनुभवांतून ती शाळा उभी राहिली. रोगी घरीं गेल्यावर त्याचें काय होतें, हें पाहणारा वैद्यकीय समाजसेवक 1946 साली जे. जे. रुग्णालयांत नेमला गेला, आणि 1948 साली टाटा संस्थेंत त्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. येथेंही वस्ती आधीं, शाळा मागाहून.

या संस्थेस 1964 साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठानें मुंबईस लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उघडलें. महिला विद्यापीठाची स्थापना 1916 ची; म्हणजे स्त्रियांसाठींच काढलेल्या विद्यापीठासही या विद्येपर्यंत पोहोंचण्यास अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं. 1998 साली नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर वैद्य व परिचारिका एकाच विद्यापीठाच्या छत्राखालीं आल्या.

ज्येष्ठांत आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर आतां वैद्यकीय पथकें चालतात. त्यांतील बाईस वारकरी ‘सिस्टर’ म्हणून हांक मारतो. हा शब्द ख्रिस्ती मठांतील भगिनींच्या मागून आला. सरकारी कागदावर तिलाच ‘परिचारिका’ म्हणतात, आणि संस्कृत नाटकांत या शब्दाचा अर्थ दासी असा होता.