विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बदलीच्या नोकरीतल्या माणसाला लावतो. विंचवाची मादी नवजात पिले खरोखरच पाठीवर वाहते. पण विंचू समुद्र ओलांडून गेला तो स्वतःच्या पायांनी नव्हे, माणसाच्या मालातून.

‘आयसोमेट्रस मॅक्युलेटस’ हा बारीक, ठिपकेदार विंचू पाहा. त्याचे बहुतेक भाऊबंद दक्षिण व आग्नेय आशियात आहेत. जहाजांतून तो उष्ण कटिबंधातल्या बंदरोबंदरी पोहोचला. हवाई बेटांवर मूळचा एकही विंचू नव्हता. तिथे तो असाच आला. त्याचा दंश दुखतो, पण सहसा जीव घेत नाही.

ब्राझीलची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पिवळ्या विंचवाचे, ‘टिटियस सेर्युलाटस’चे, शास्त्रीय वर्णन 1922 साली झाले. तो मुख्यतः मिनास जेराइस प्रांतातला. त्याची मादी नराशिवाय पिले देते, हे 1962 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे फळांच्या पेटीतून किंवा बांधकामाच्या सामानातून एकच मादी गेली, तरी नव्या गावात वंश सुरू होतो. साओ पाउलो, ब्राझिलिया अशा शहरांच्या गटारांत त्याला झुरळांचे आयते अन्न मिळाले. आज ब्राझीलमध्ये वर्षाला विंचूदंशाच्या दीड लाखांहून अधिक नोंदी होतात. दगावतात ती मुख्यतः लहान मुले.

मृत्यू कसा येतो, हे कोकणाला चांगले ठाऊक आहे. आपल्या लाल विंचवाचे विषही असेच हृदयावर घाला घालते आणि फुप्फुसांत पाणी साठते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. त्याआधी गंभीर दंश म्हणजे बहुधा मंत्र, लिंबू आणि रडारड.

दोन्हीकडचा धडा एकच. एका जातीच्या विषावर केलेली लस दुसऱ्या जातीवर चालेलच असे नाही. म्हणून विंचू परमुलखात गेला की वैद्याचे ज्ञानही त्याच्यामागे जावे लागते, आणि ते नेहमी उशिरा पोहोचते. तेवढ्या अवधीत मुले मरतात.

तेव्हा परका विंचू दिसला की त्याच्या मुलखाला बोल लावू नये. त्याला आणले मालाने आणि ठेवून घेतले आपल्याच उघड्या गटाराने. आणि मूल चावल्याचे सांगत आले, तर झाडपाल्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.