जोडचाकाची पकड

रिकामी गाडी रुतते, भरलेली निघून जाते. जहीराबाद-विकाराबादच्या बाजूने हैदराबादच्या मंडईत माल आणणाऱ्या चालकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. माल उतरवून गावाकडे परतलेली जुनी पिकअप पावसाळ्यात शेताच्या कडेला काळ्या मातीत उतरली, की मागच्या चार टायरांपैकी एका बाजूचे दोन गरागरा फिरतात आणि दुसऱ्या बाजूचे दोन ढिम्म उभे राहतात. दखनीत म्हणतात, पहिया घूम रा, गाडी नै हिल री. नव्या माणसाला हे पटत नाही. मागे चार-चार टायर असताना पकड कमी कशी?

कारण या गाडीच्या पोटाखाली दोन वेगळी घराणी एकत्र नांदतात आणि दोघांपैकी कोणाचाही जन्म पकडीसाठी झालेला नाही. एक घराणं जोडचाकाचं, दुसरं डिफरन्शियलचं.

जोडचाक वजनासाठी आलं. सुरुवातीच्या मोटार-लॉऱ्या भरीव रबरी टायरांवर धावत. मागच्या आसावर माल लादला की एकट्या टायरचं रबर टिकेना, म्हणून शेजारी दुसरा बसवला. डनलपने बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला तो 1888 साली, पण सायकलसाठी. ट्रकचं ओझं हवेवर पेलता येईल यावर कारखानदारांचा बराच काळ विश्वास नव्हता. 1917 मध्ये गुडइयर कंपनीने अॅक्रन ते बोस्टन असा हवेच्या टायरांचा मालट्रक चालवून दाखवला, तो लोकांना पटवायलाच. हवेचे टायर आले तरी जोडी मोडली नाही. उलट तिला आणखी एक कारण मिळालं: एक पंक्चर झाला तर दुसऱ्यावर गाडी पुढच्या गावापर्यंत सावकाश नेता येते. अमेरिकेत 1973 साली जनरल मोटर्सने एक टनी पिकअपलाही कारखान्यातूनच मागे जोडचाकं दिली. तिथेही हिशोब वजनाचा आणि ट्रेलर ओढताना लागणाऱ्या स्थैर्याचा होता. चिखल कोणाच्या मनात नव्हता.

वजन पेलणारी हीच गोष्ट रिकाम्या गाडीच्या मुळावर येते. मागच्या आसावर आधीच थोडं वजन, ते चार टायरांत वाटलं गेलं, म्हणजे एकेक टायर जमिनीवर जेमतेम टेकतो. पक्क्या सडकेवर फारसं बिघडत नाही. निसरड्या चिखलात मात्र टायरने वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जायला हवं, आणि ते दाबाशिवाय होत नाही. त्यातून दख्खनची काळी माती. ओली झाली की फुगते, टायरच्या खाचांत बसते आणि दोन टायरांमधली फट भरून काढते. मग त्या जोडीचा एक गुळगुळीत, जाड रूळ होतो. हैदराबाद शहर ग्रॅनाइटवर, तांबड्या मुरमावर बसलेलं. तिथे हा त्रास कमी. पश्चिमेला काळ्या जमिनी लागल्या की तो सुरू होतो आणि पुढे सगळा मराठवाडा त्याच मातीचा.

दुसरं घराणं जास्त मजेदार आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं, हे डिफरन्शियलचं काम. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. पण मोटारीच्या घरात ते सायकलवाल्यांच्या दारातून आलं. इंग्लंडात कव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली मुलाबरोबर एका यंत्रावर शेजारी-शेजारी बसून चालला होता. दोघांचं पायडल वेगवेगळ्या चाकाला. मुलाच्या पायात जोर जास्त, त्यामुळे यंत्र एका बाजूला ओढलं गेलं आणि बापलेक खाजकुइलीसारख्या खाजऱ्या झुडपात पडले, असं सांगतात. 1877 च्या सुमारास स्टार्लीने तीनचाकीत डिफरन्शियल बसवलं. कार्ल बेन्झच्या 1885-86 च्या तीनचाकी मोटारीतही ते होतं आणि तिथून ते सगळ्या मोटारजातीत पसरलं.

या यंत्राचा स्वभाव दोन्ही लेकींना सारखंच वाढणाऱ्या आईचा आहे. दोन्ही बाजूंना ते समान जोर देतं, कमी ना जास्त. डावी जोडी चिखलात गेली आणि तिला फिरायला अगदी थोडा जोर पुरला, तर कोरड्या मातीवरच्या उजव्या जोडीच्या वाट्यालाही तेवढाच थोडा जोर येतो. इंजिनात दम असून उपयोग नाही. मागे चार टायर असोत की सहा, हाउसिंगमधली स्टार पिनियन ही छोटी दातेरी चाकं आपला समभाव सोडत नाहीत.

यावरचे उपाय निघाले, पण ते फार उशिरा आणि फार वेगळ्या ठिकाणी. 1904 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने टायरला गुंडाळायच्या साखळीचं पेटंट घेतलं. 1908 मध्ये फायरस्टोनने टायरच्या पृष्ठभागावर 'न घसरणारा' या अर्थाची इंग्रजी अक्षरंच कोरली. पकड आणि जाहिरात एकाच साच्यात. 1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीत इतकी ताकद होती की ताशी 160 किलोमीटरवरसुद्धा मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं. फर्डिनंड पोर्शेने 1935 मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर घसरण मर्यादित ठेवणारं डिफरन्शियल करून घेतलं. चिखलाचं दुखणं, आणि औषध निघालं शर्यतीच्या मैदानावर! पुढे 1973 मध्ये ईटन कंपनीने आपोआप जोडलं जाणारं लॉकिंग डिफरन्शियल आणलं: दोन चाकांच्या गतीत फरक वाढला की ते दोघांना एकत्र बांधून टाकतं. अमेरिकेत जोडचाकाची पिकअप आली तेही हेच साल.

हे उपाय आपल्या मालगाड्यांपर्यंत पोचले का, हे बघायला आता हैदराबादकडे. निजामाच्या रेल्वेने जून 1932 मध्ये रस्ते वाहतूक विभाग सुरू केला तेव्हा त्याच्याकडे 27 बसगाड्या आणि 166 कामगार होते. स्कॉटलंडमधली अल्बियन त्या ताफ्यातली नावाजलेली गाडी. 1942 मध्ये सनतनगरला ऑल्विन मेटल वर्क्स उभी राहिली. फ्रिज आणि घड्याळांमुळे ऑल्विन घरोघरी पोचली ती नंतर, पण बसच्या बॉड्या बांधणं हाही तिचा मोठा धंदा होता.

1980 च्या दशकात हलक्या मालवाहू गाड्यांसाठी चार जपानी कंपन्या भारतात आल्या. टोयोटा डीसीएमबरोबर, मित्सुबिशी आयशरबरोबर, माझदा पंजाबात स्वराजबरोबर आणि निस्सान हैदराबादच्या ऑल्विनबरोबर. ऑल्विन-निस्सानची कॅबस्टार जहीराबादला बनायची, पुणे-हैदराबाद महामार्गावर, बिदरच्या अलीकडे. गाडी चांगली होती. पण 1986 मध्ये टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून 407 ही हलकी मालवाहू गाडी बाहेर पडली आणि चौघांनाही धाप लागली. 407 च्या मागे जोडचाकं, अंगात जादा माल सोसायची ताकद आणि प्रत्येक गावात तिचा मिस्त्री. दशक संपता संपता ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली, आणि त्याच कारखान्यातून पुढे लोडकिंगसारख्या गाड्या आल्या.

या सगळ्या गाड्यांनी भार किती, मायलेज किती, कमान किती मजबूत यावर स्पर्धा केली. डिफरन्शियलचा लॉक त्यांच्या नेहमीच्या मॉडेलांत क्वचितच दिसला. तो ट्रॅक्टरला मिळाला. आपल्याकडचा शेतकरी 'डिफ लॉक'चं पेडल टाचेने दाबून शेतातून बाहेर येतो. वजन कमी पडलं तर मागच्या टायरांत पाणी भरतो, भातखाचरात लोखंडी केज व्हील लावतो. 2013 मध्ये महिंद्राने जहीराबादलाच ट्रॅक्टरचा कारखाना सुरू केला. म्हणजे एकाच गावात बनलेल्या दोन वाहनांपैकी एकाला चिखलाची विद्या पूर्ण अवगत आणि दुसऱ्याला तिचा गंध नाही. ईटनचं लॉकिंग डिफरन्शियल महिंद्राच्या थारमध्ये आलं, पण ती बहुतेकांची हौसेची गाडी. भाजी वाहणारा त्याला मुकला तो मुकलाच. ग्राहकाने मागितलं नाही म्हणून दिलं नाही, असं कंपन्या म्हणू शकतात. पण ज्याला अशी वस्तू असते हेच ठाऊक नाही, तो मागणार काय?

म्हणून जुन्या गाडीची पकड अजूनही मिस्त्रीच्या आणि चालकाच्या हातात आहे. विजयवाडा रस्त्यावरच्या ऑटोनगरमध्ये किंवा सिकंदराबादच्या राणीगंजला सुट्या भागांच्या दुकानांत याबद्दल विचारलं, तर आधी टायरांवर बोलणं येतं. पुढे सरळ रेघांचा रिब, मागे खोल खाचांचा लग, हे ठीक. खरी मेख जोडीत असते. आतला टायर हाताला लागत नाही, म्हणून त्याची हवा कोणी बघत नाही. दोन्ही टायर एकाच हबला आवळलेले. एक झिजलेला आणि दुसरा नवा असेल तर सारा भार मोठ्यावर येतो आणि छोटा नुसता फरफटत येतो. चारातले दोन टायर असेच वाया जातात. वॉल्व्हला लांब नळी लावून आतल्या टायरची हवा बाहेरून तपासायची सोय करणं आणि सारख्या घेराचे टायर जोडीला लावणं, या दोन स्वस्त गोष्टींनी जितका फरक पडतो तितका महाग टायरांनी पडत नाही.

मागच्या ड्रमवर लागणारा हँडब्रेक असेल, तर रुतल्यावर तो दोन-तीन दाते ओढून हळूच रेस द्यायची. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की त्याला जास्त जोर लागतो आणि समभावाच्या नियमाने तितकाच जोर कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो; पण हँडब्रेक त्या चाकालाही धरून ठेवतो, म्हणून ही युक्ती दर वेळी चालतेच असं नाही. काही जण याहून पुढे जातात आणि स्टार पिनियनला वेल्डिंग मारून डिफ कायमचा बंद करतात. शेतात गाडी सुसाट निघते. डांबरी रस्त्यावरच्या पहिल्याच वळणावर मात्र चारही टायर घासायला लागतात, आणि जोडचाकात घासायला रबरही दुप्पट. थोड्या दिवसांत एक्सल तुटतो, तोही बहुधा भरल्या गाडीचा.

रेतीची पोती हा उपाय सगळ्यांत जुना. ती टेलगेटला टेकवून ठेवली तर मागे दाब वाढतो, पण पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ओल्या रस्त्यावर ऐकत नाही. पोती आसाच्या बरोबर वर, फळीला घट्ट बांधून ठेवायची आणि मंडईतून माल भरताना काढायला विसरायचं नाही, नाहीतर वजनकाट्यावर रेतीचंही वजन भरतं.