देवाचा दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडल्यानंतर साताऱ्यास सुरू केलेले ख्रिस्तभक्तांचे बंधुमंडळ. मंडळ अल्पायुषी ठरले. टिळकांचा प्रभाव मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत अजून टिकून आहे, आणि तो या मंडळापेक्षा त्यांच्या गाण्यांतून अधिक आला.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन कुटुंबातला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी झाली आणि 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. मिशनमध्ये मान होता, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव होते. तरीही परदेशी पैशावर पोसलेला पगारी प्रचारक आपल्या लोकांना परकाच वाटणार, ही बोच त्यांच्या मनातून जाईना. पगार सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली, पण घर सोडले नाही. पत्नी लक्ष्मीबाई सोबत होत्याच. या संन्याशाचा संसार कसा चालत असेल, याची कल्पना लक्ष्मीबाईंचे लेखन वाचलेल्यांना सहज येईल.

दरबाराचे दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडे होते, तसेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. ख्रिस्ताला मानणाऱ्या हिंदूला जात आणि घर तोडायला न लावता जवळ करायचे, हा त्यामागचा विचार. बाप्तिस्मा हाच मंडळीचा उंबरठा मानणाऱ्यांना तो पेलणे अवघड होते. टिळकांनाही वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करून अस्थी नगरला नेण्यात आल्या. त्या काळच्या ख्रिस्ती पाळकाच्या बाबतीत हे नवलच होते. दरबार त्यांच्यावाचून तग धरू शकला नाही.

कल्पना मात्र पुढे सरकली. जॉन कॉपली विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन 1927 मध्ये भारतात आले ते याच संघात.

टिळकांचा खरा ठसा मात्र उपासनेवर उमटला. टिळकांच्या आधी मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच होती. अर्थात देशी वळण अगदीच नव्हते असे नाही, नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच घातली होती. टिळकांनी त्या वाटेवर अभंग आणले. ज्ञानेश्वर-तुकारामांची परंपरा हा आपला वारसाच आहे, या भावनेने त्यांनी तो छंद हाताळला, त्यामुळे तो उसना वाटत नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशीच त्यांची धारणा होती. त्यांच्या निधनानंतरच्या काळात वापरात असलेल्या मराठी गीतसंग्रहातील सुमारे 700 गीतांपैकी अडीचशेहून अधिक त्यांची होती. ‘उपासना संगीत’ या संग्रहामुळे ती पंथोपपंथांच्या मंडळ्यांत पोहोचली. रविवारी पेटी-तबल्यावर ती म्हणणाऱ्या पुष्कळांना दरबाराचे नावही ठाऊक नसते.

टिळकांनी 1909 मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले. उरलेला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि 1938 मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून आज ते फारसे वाचले जात नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मात्र वाचले जाते. त्यात टिळक तापट, उधळे, विसराळू आणि विलक्षण मायाळू दिसतात. ख्रिस्तीतर मराठी वाचकाला टिळक मुख्यतः याच पुस्तकातून माहीत आहेत.