ढोलीतले पिल्लू

नाचणगावच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत एक पिंजरा टांगलेला असे. राघू बदलत गेले, पिंजरा तोच राहिला. मोठी आई सकाळी त्यात भिजवलेली चण्याची डाळ आणि जामाची फोड ठेवी (पेरूला आमच्या भागात जाम म्हणतात). राघू ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायला लागला, की शेजारीपाजारी कौतुकाने ऐकायला येत. तो आला कुठून, हे कुणी विचारल्याचे मात्र आठवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने तरी हा प्रश्न विचारायला हवा. कारण ज्या शब्दाने आपण एक अख्खा वाङ्मयप्रकार ओळखतो, त्या शब्दाच्या मुळाशीच त्याचे उत्तर आहे.

बोलका पोपट हा आपल्या परंपरेचा जुना लाडका. शुकसारिकांना बोलायला शिकवणे ही वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांपैकी एक. ‘शुकसप्तति’ मराठीत ‘शुकबहात्तरी’ होऊन आली. रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने तिची मराठी संहिता जर्मन भाषांतरासह 1897 मध्ये लायप्झिग येथे प्रसिद्ध केली. तिच्यातला पोपट नवरा परगावी असताना रोज रात्री एकेक गोष्ट सांगून घरच्या स्त्रीला उंबरठ्याच्या आत अडवून ठेवतो. एका बंदिस्ताने दुसरीची राखण करावी, यातला उपरोध जुन्या श्रोत्यांना जाणवला नसेल असे मला वाटत नाही. असो. या साऱ्या कथांत पोपट पिंजऱ्यातच जन्मल्यासारखा वावरतो.

सातव्या शतकातल्या बाणभट्टाने तसे केले नाही. शूद्रक राजाच्या दरबारात चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून पोपट आणते, आणि राजा त्याला नेमका तो प्रश्न विचारतो: तू इथवर आलास कसा? पोपट सांगतो ते असे. विंध्यारण्यात पंपासरोवराकाठी सावरीचा प्रचंड वृक्ष होता, त्याच्या ढोल्यांतून शेकडो पोपटांची घरटी. प्रसूतीच्या वेदनांनी आई गेलेली. म्हातारा बाप पिल्लाला वाढवत होता. शबरांचे सैन्य शिकार करून पुढे गेले, पण एक वृद्ध शबर मागे रेंगाळला, झाडावर चढला आणि फळे तोडावीत तशी एकेका ढोलीतून पिल्ले काढून, त्यांचा जीव घेऊन खाली टाकू लागला. बापाने पिल्लाला पंखाखाली झाकले. शबराने बापाची मान मुरगळली. पंखाखालचे पिल्लू त्याला दिसलेच नाही, ते वाळल्या पानांच्या ढिगावर पडले म्हणून वाचले. शबर हे पोटासाठी करतो, विक्रीसाठी नव्हे, हा फरक मान्य. पण ढोलीत जाणारा हात तोच, आणि पंख फुटण्यापूर्वीची वेळही तीच.

आपल्याकडच्या पोपटाची, म्हणजे गळ्याशी गुलाबी कंठी असलेल्या नराची आणि त्याच्या साध्या मादीची, वीण हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते. पिल्ले उडण्याआधी काढली, तरच ती माणसाळतात. त्यामुळे ‘पाळीव’ म्हटला जाणारा आमचा राघू हा बहुधा रानातूनच उचललेला असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1990–91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी यांनी हे बेकायदा ठरवले. 2022 च्या दुरुस्तीने हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला.

आज त्याच पिंजऱ्यात माझ्या भाच्याने आणलेली जोडी आहे. दुकानदाराने ‘लव्हबर्ड’ म्हणून दिली, आहेत बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हे ऑस्ट्रेलियातले. जॉन गूल्डने 1840 मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांची पैदास होत आली. यांच्यासाठी कुणाची ढोली लुटली गेलेली नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. मला तो अपुरा वाटतो. पैदाशीने निळे, पिवळे, पांढरे रंग काढले; पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात थव्याने कोसच्या कोस हिंडणाऱ्या पक्ष्याचा पंख काढला नाही. 2022 च्या दुरुस्तीने आणि 2024 च्या नियमांनी मकाव, आफ्रिकन करडा पोपट अशा आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. बजरीगर त्या यादीत नाही.

बाणाच्या पिल्लाला हारीत मुनिकुमाराने उचलून जाबालींच्या आश्रमात नेले. तिथे मायेची माणसे होती, पिंजरा नव्हता; पंखांत बळ येताच ते उडाले आणि वाटेत जाळ्यात सापडले. ही कथा मी भाच्याला सांगितली. आपली जोडी ठेवणे गुन्हा आहे का, असे त्याने विचारले. नाही, असे मी म्हणालो. पिंजरा हातभर लांबीचाही नाही.